मार्चअखेरची गाडी

नवी गाडी घेतल्याने पैसे वाचतात, हे विधान व्यापारी आणि व्यावसायिक वर्गात दोन निरनिराळ्या अर्थांनी केले जाते, आणि हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळेच त्याची नीट तपासणी सहसा होत नाही. पहिला अर्थ कराचा आहे: गाडी धंद्यात दाखवली की तिचा घसारा खर्ची पडतो, नफा कमी होतो आणि कर वाचतो. दुसरा अर्थ वापराचा आहे: जुनी गाडी पेट्रोल फार पिते, दर दोन महिन्यांनी गॅरेजला जाते, त्यापेक्षा नवी परवडते. आगाऊ कराच्या 15 मार्चच्या हप्त्याचा आकडा समोर आला की हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येऊ लागतात, आणि ‘सरकारला देण्यापेक्षा गाडीच घेतलेली बरी’ असा निकाल अशील करसल्लागाराकडे येण्यापूर्वीच लावून बसलेला असतो. सल्लागाराकडून त्याला हवा असतो तो फक्त मुहूर्त.

घसारा म्हणजे वापराने आणि काळाने मत्तेच्या मूल्यात होणाऱ्या घटीचा, कायद्याने ठरवून दिलेल्या दराने केलेला हिशोब. भाड्याने न चालवल्या जाणाऱ्या मोटारगाडीसाठी आयकरात हा दर घटत्या मूल्यावर 15 टक्के आहे, म्हणजे दरवर्षीची टक्केवारी मूळ किमतीवर नव्हे, तर मागील घसारा वजा जाता उरलेल्या रकमेवर मोजली जाते. शिवाय ज्या वर्षी गाडी घेतली त्या वर्षी ती 180 दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर दर निम्म्यावर येतो. नोंदणी आणि रस्ताकर धरून 12 लाख रुपयांची गाडी मार्चमध्ये घेणाऱ्या, 30 टक्क्यांच्या टप्प्यातील एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले, तर त्या वर्षीचा घसारा साडेसात टक्क्यांनी 90,000 रुपये होतो आणि त्यावर उपकरासह 31.2 टक्के दराने वाचणारा कर 28,080 रुपये भरतो. गाडीचा काही वापर घरगुती असेल, आणि तो बहुधा असतोच, तर तेवढा हिस्सा अमान्य होतो. पाचवा हिस्सा वगळला तरी हा आकडा 22,464 वर येतो. खिशातून किंवा कर्जातून 12 लाख बाहेर काढून हाती आलेली ही त्या वर्षाची करबचत आहे, आणि शोरूममध्ये बसलेल्या अशिलाच्या मनात मात्र 12 लाखांचे 31 टक्के घोळत असतात.

पुढील वर्षांत घसारा मिळत राहतो हे खरे, म्हणून हिशोब पाच वर्षांचा मांडणे अधिक न्याय्य ठरेल. पूर्ण व्यावसायिक वापर धरला, तर पहिल्या वर्षीच्या 90,000 नंतर 1,66,500, मग 1,41,525, आणि असे करत पाचव्या वर्षाअखेर एकूण घसारा सुमारे 6,20,600 रुपये होतो व पुस्तकात गाडीचे मूल्य सुमारे 5,79,400 उरते. आता विम्याचा तक्ता पाहावा. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी ज्या मूल्याच्या आधारे भरपाई देते, ते ‘आयडीव्ही’ चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी तक्त्यानुसार निम्म्यावर येते. कराचा घसारा आणि बाजारातील घसरण यांचे आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग नव्हे. घसाऱ्याची सवलत मुळात त्या घसरणीसाठीच दिलेली आहे. ही गाडी पाच वर्षांनी 6 लाखांना विकली गेली आणि समान दराने घसारा मिळणाऱ्या मत्तांच्या तिच्या गटात दुसरी कोणतीही मत्ता नसली, तर पुस्तकी मूल्यापेक्षा अधिक आलेले सुमारे 20,600 रुपये अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होतात, आणि सर्व वजावटींची गोळाबेरीज बरोबर 6 लाख, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या तोट्याएवढीच भरते. त्यावर वाचलेला कर 1,87,200 रुपये. उरलेले 4,12,800 रुपये करदात्याच्या खिशातून गेलेले असतात. गमावलेल्या प्रत्येक रुपयामागे 31 पैसे परत मिळणे याला सवलतीतला तोटा म्हणता येईल, बचत म्हणता येणार नाही. गाडी धंद्याला हवीच असेल तर हे 31 पैसे सोडण्याचे कारण नाही. पण केवळ या 31 पैशांसाठी गाडी घेणाऱ्याने 69 पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न सल्लागाराने विचारला नाही तर दुसरे कोणी विचारणार नाही.

तारखेचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे, कारण महाराष्ट्रात गाडीची डिलिव्हरी पंचांग पाहून घेतली जाते आणि घसाऱ्याचे दिवस आर्थिक वर्ष पाहून मोजले जातात. 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरायचे, तर गाडी 3 ऑक्टोबरपर्यंत प्रत्यक्ष वापरात यावी लागते. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, म्हणून त्या दिवशी गाडी घेऊन ती कामाला लावणाऱ्याला त्या वर्षाचा पूर्ण 15 टक्के घसारा मिळतो, तर 22 ऑक्टोबरच्या दिवाळी पाडव्यापर्यंत थांबलेल्याला निम्मा; 2024 चा दसरा मात्र 12 ऑक्टोबरला असल्याने तो मुहूर्त साधूनही घसारा अर्धाच पदरी पडला. गुढीपाडव्याची तऱ्हा याहून अवघड. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला आला, त्यामुळे मार्चमध्ये पूर्ण रक्कम भरून पाडव्याला गाडी घरी आणणाऱ्यांना 2023-24 या वर्षासाठी एक रुपयाचाही घसारा मिळू शकला नाही, कारण कायद्याला पैसे भरल्याची नव्हे, गाडी वापरात आल्याची तारीख लागते.

ज्यांना करबचतीचा हा मार्ग मुळात खुलाच नाही, असा वर्गही मोठा आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो; शून्यातून काही वजा होत नाही. पगारदाराला स्वतःच्या गाडीचा घसारा नाही. अनुमानित करआकारणी, म्हणजे हिशोबाच्या वह्यांऐवजी जमेच्या ठरावीक टक्क्याला नफा मानण्याची पद्धत, स्वीकारलेल्या डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या बाबतीत ढोबळ जमेचा किमान निम्मा भाग उत्पन्न धरला जातो आणि घसारा त्यातच मिळाला असे कायदा मानतो. येथे गफलत दुहेरी होते: गाडीमुळे त्या वर्षी कर एका रुपयाने कमी होत नाही, आणि पुढे कधी हा व्यावसायिक नियमित हिशोबाकडे वळला, तर मधल्या वर्षांचा घसारा घेतला गेला असे गृहीत धरूनच पुस्तकी मूल्य काढावे लागते.

गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा आग्रहही तपासून पाहावा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ताकर 12 टक्के आहे, कंपनीच्या नावावर तोच 20 टक्के होतो. रस्ताकरासाठी धरली जाणारी किंमत 11 लाख असेल तर फरक 88,000 रुपयांचा, म्हणजे वर काढलेल्या पहिल्या वर्षाच्या 28,080 रुपयांच्या तिपटीहून अधिक. वस्तू व सेवा करातही दिलासा नाही. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करून घेण्याची सोय, जिला इनपुट क्रेडिट म्हणतात, चालकासह 13 पर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांना सहसा मिळत नाही. गाड्यांची फेरविक्री, प्रवासी वाहतूक आणि वाहनप्रशिक्षण हे अपवाद आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरील दर 18 टक्क्यांवर आला, त्याने किंमत उतरली, क्रेडिट सुरू झाले नाही. 10 लाखांवरील गाडीच्या बिलात दिसणारा 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा केलेला आयकर, विवरणपत्रात परत मिळतो म्हणून काही विक्रेते तो सवलतीसारखा सांगतात. तो करदात्याचाच पैसा असतो. विजेवरील गाडीचे गणित वेगळे आहे, कारण तिचा घसारा 40 टक्के दराने मिळतो, पण त्यानेही वजावट लवकर पदरी पडते इतकेच, एकूण वजावट तोट्याच्या पुढे जात नाही.

आता वापराचा अर्थ. महिन्याला 1,000 किलोमीटर चालणारी जुनी पेट्रोल गाडी लिटरला 14 किलोमीटर देते आणि पेट्रोल 104 रुपये आहे असे धरले, तर इंधनाचा खर्च सुमारे 7,430 रुपये होतो; किलोला 24 किलोमीटर देणारी सीएनजी गाडी 85 रुपये दराने तेच अंतर सुमारे 3,540 रुपयांत कापते. बचत 3,890 रुपयांची. या गाडीसाठी 8 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता 12,871 रुपये येतो, पण बचतीची तुलना हप्त्याशी करणे हीदेखील चूकच, कारण हप्त्यातील मुद्दलाचा काही भाग गाडीच्या मूल्यात शिल्लक असतो. खरा खर्च आहे तो व्याजाचा आणि घसरणीचा. पाच वर्षांत सुमारे 2,54,000 रुपये व्याज आणि निम्म्या किमतीची, म्हणजे 4 लाखांची घसरण, हे मिळून महिन्याला सुमारे 10,900 रुपये पडतात. जुन्या गाडीची दुरुस्ती नव्या गाडीच्या सर्व्हिसिंग व वाढीव विम्यापेक्षा महिन्याला 2,000 रुपयांनी महाग आहे असे मानले, तरी उरलेले 8,900 रुपये किलोमीटरमागे 3.89 रुपयांच्या बचतीने भरून निघण्यासाठी महिन्याला सुमारे 2,300 किलोमीटर धावावे लागते, म्हणजे रोज 75 ते 77 किलोमीटर, तेही एकही सुट्टी न घेता. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचे मायलेज 6 टक्क्यांनी घटले असे धरल्यास किलोमीटरमागे सुमारे 47 पैशांची भर पडते, त्याने उंबरठा खाली येतो, नाहीसा होत नाही. गावोगाव फिरणाऱ्या औषध वितरकाला हे गणित लागू पडते; दुकान ते घर अशा फेऱ्या मारणाऱ्याला पडत नाही, आणि चाळीस हजारांचे क्लच व सस्पेन्शनचे काम त्याला कितीही मोठे वाटले, तरी नव्या गाडीच्या चार महिन्यांच्या व्याज व घसरणीइतक्या रकमेत ते होते.

या व्यवहारात लेखनाच्या पातळीवर सर्वाधिक चुका होतात त्या जुन्या गाडीच्या एक्सचेंजमध्ये. नव्या गाडीचे बिल पूर्ण किमतीचे असते आणि जुन्या गाडीची रक्कम भरण्यातून वळती होते, म्हणून अनेक पुस्तकांत फक्त निव्वळ रक्कम गाडी खात्याला नावे टाकली जाते. प्रत्यक्षात जुन्या गाडीची विक्री ही स्वतंत्र नोंद आहे. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या विक्रेत्याने घसारा घेतलेली गाडी पुस्तकी मूल्यापेक्षा अधिक दराने विकली, तर त्या फरकावर 18 टक्के कर लागतो: 3,20,000 रुपयांच्या पुस्तकी मूल्याची गाडी 3,80,000 रुपयांना गेल्यास 60,000 रुपयांवर 10,800 रुपये, आणि 3 लाखांनाच गेल्यास काहीही नाही. निव्वळ रकमेच्या नोंदीत हा फरक दिसतच नाही. डिलिव्हरीच्या वेळी दिलेल्या रोख रकमेचेही तसेच आहे. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांहून अधिक रोख दिले असेल तर तो खर्च गाडीच्या किमतीत धरता येत नाही आणि त्यावर घसाराही मिळत नाही, त्यामुळे ॲक्सेसरीजची पावती कोणत्या खात्यातून भरली गेली हे मार्चमध्येच विचारून घेतलेले बरे, ऑक्टोबरमध्ये लेखापरीक्षणाच्या टेबलावर नव्हे.