सूनबाईंचं दिव्य

लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं तीच माणसं हा ब्लॉग वाचतात, ही पंचाईत. पण रविवारी दादाकडच्या बैठकीत मी गप्प बसले आणि तेव्हापासून मला ते टोचतंय. भाचेसुनेला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लिहा आत्या, नाव तेवढं नको." तर नावाशिवाय लिहिते.

भाच्याचा आणि तिचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. त्याला तिच्याबद्दल संशय आहे. ती नाही म्हणते. पुरावा म्हणाल तर एकही नाही. आता त्याने नेटवर शोधून एक खासगी संस्था काढली आहे, पैसे भरले की लाय डिटेक्टर चाचणी करून अहवाल देणारी. आगाऊ रक्कमही भरून झाली. "बसू दे तिला मशीनवर. खरी असेल तर घाबरायचं कारण काय?" दादा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी पोह्यांच्या बश्या गोळा करत होती, तिनेही डोलावली.

घाबरायचं कारण काय? सांगते.

साधारण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सहलीचे ७० रुपये सापडेनात. मी सगळा वर्ग उभा केला आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत फिरले. एक मुलगा घामाने डबडबला होता, नजर खाली. झालं, चोर सापडला! त्याला दोन तास वर्गाबाहेर उभा केला. संध्याकाळी पैसे माझ्याच हजेरीपटात निघाले. त्याला घाम का फुटला होता? त्याच्या घरून सहलीचे पैसे आलेच नव्हते आणि आता सगळ्यांसमोर ते विचारतील, ही भीती होती. मी त्याची माफी मागितली, पण दोन तासांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ते यंत्र दुसरं काय करतं? श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळहाताचा घाम मोजतं. खोटं मोजायची पट्टी कोणी बनवलेली नाही. भीतीने, रागाने, लाजेने काळीज धडधडतं तेही त्या कागदावर तसंच उमटतं. परक्या माणसाने वायरी लावून एखाद्या बाईला तिच्या चारित्र्याबद्दल विचारलं, तर तिचे ठोके वाढणार नाहीत तर काय होईल? उलट निर्ढावलेला माणूस सुटतो. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला आल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत होता आणि १९८६ व १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत बाहेर पडला. पकडला गेला १९९४ मध्ये. या यंत्राच्या मूळपुरुषांपैकी एक म्हणजे विल्यम मार्स्टन. त्याच्या रक्तदाबाच्या चाचणीचा पुरावा वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९२३ मध्येच नाकारला. याच गृहस्थाने पुढे 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका निर्माण केली. तिच्या हातात एक दोर असतो, त्यात अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. नातवाला सांगितलं तर जाम खूश झाला. चित्रकथेत ते ठीकच आहे.

आता कायदा. दादाचे व्याही वकिलाकडे कारकून होते, त्यांनी बैठकीत १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं १४ वं कलम काढलं. एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही हे न्यायालय बघू शकतं. खरं आहे. पण न्यायाधीशांना उपयोगी वाटला तर, पक्षकाराने आणून आपटला म्हणून नाही. आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं आहे की ही चाचणी कोणावरही बळजबरीने करता येणार नाही, फौजदारी तपासात नाही आणि इतरत्रही नाही. राजीखुशीने केली तरी तिचा निकाल हाच पुरावा म्हणून धरता येत नाही. दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमीही वाचून दाखवली, की नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये चालवून घेतलं. मला तो निकाल आवडलेला नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये निदान माणूस स्वतःच्या तोंडाने काहीतरी बोललेला असतो. इथे बोलतो तो घाम, आणि त्याचा अर्थ लावतो पैसे घेतलेला माणूस.

राहिली राजीखुशी. मला सर्वात जास्त राग याचाच आला. गुन्हेगारांच्या बाबतीतसुद्धा मानवी हक्क आयोगाने २०००च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, वकील मिळावा. आणि आमच्याकडे? सासऱ्याच्या दिवाणखान्यात अकरा माणसं एका बाजूला, तिच्या बाजूला तिचा एकटा भाऊ. हो म्हणाली तर मशीन, नाही म्हणाली तर "बघा, घाबरली!" याला राजीखुशी म्हणायचं?

आपल्याकडे पूर्वी वतनाच्या भांडणात रवादिव्य करत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी हात बघून निवाडा द्यायचा. मी हे वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं हसायची, "बाई, कोणाचा हात भाजणार नाही?" सातवीतल्या पोरांना कळायचं ते!

संशय घेऊन संसार होत नाही हे मलाही कळतं. भाचा रात्र रात्र जागतो, खंगलाय, तो मला परका नाही, त्याचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय. नसेल पटत तर वेगळे व्हा, न्यायालयात समुपदेशक असतात त्यांच्याशी बोला. पण सहा वर्षांची पोर आहे मध्ये. उद्या तो अहवाल तिच्या हाती पडेल. आईच्या घामाचा आलेख.

काल भाच्याला फोनवर विचारलं, "तू बसशील का रे आधी? सगळे प्रश्न आम्ही ठरवू, लग्नाआधीचेही." बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, माझा काय संबंध?"

दादा, रविवारी मी येते आहे. या वेळी सूनबाईंच्या शेजारी बसणार आहे. त्या संस्थेकडून आगाऊ रक्कम परत मिळते का, ते तेवढं विचारून ठेव.