स्वस्त यंत्राचे महागडे कुलूप

गरिबाच्या हाती स्वस्त यंत्र ठेवले की त्याला ज्ञानाचे दार खुले झाले, असे आपल्याकडे गेली वीस-पंचवीस वर्षे मोठ्या उत्साहाने सांगितले जात आहे. हे यंत्र कधी लहानसा संगणक असते, कधी टॅब्लेट, तर कधी हजार-दीड हजारांचा मोबाइल. उद्घाटनाच्या समारंभात किमतीचा आकडा टाळ्यांच्या गजरात जाहीर होतो. परंतु त्या यंत्राचा कारभार चालविणारी आज्ञावली कोणाच्या ताब्यात आहे आणि ती बदलण्याचा अधिकार यंत्र घेणाऱ्याला आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे.

पुण्याच्या नारायण पेठेला तरी हा प्रश्न अपरिचित वाटू नये. केसरीवाडा ज्या पेठेत उभा आहे, तेथे अक्षरांच्या साधनांचा विचार शतकापूर्वीच सुरू झाला होता. देवनागरी छपाईला लागणाऱ्या शेकडो खिळ्यांची संख्या घटवून मराठी मुद्रण सुलभ व्हावे म्हणून लोकमान्य टिळकांनी स्वतः परिश्रम घेतले होते. शिशाच्या खिळ्यांच्या काळी छापखाना कितीही लहान असो, खिळे झिजले तर ते वितळवून नवे ओतून घेता येत. पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि चित्र पालटले. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यातील अक्षरांची सांकेतिक मांडणीही वेगळी. एका फाँटमध्ये जुळविलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग तेवढा दिसे. मजकूर लेखकाचा, श्रम जुळाऱ्याचे, आणि वाचण्याची किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात! युनिकोड हे सर्वांना खुले असलेले मानक रूढ झाले, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली. मजकुराबाबत जे घडले, तेच आज संपूर्ण यंत्राबाबत घडत आहे.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले. जगभरच्या हजारो लोकांच्या श्रमांतून वाढलेली ही प्रणाली कोणालाही वापरता येते, तपासता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला देता येते. आजचे स्वस्त मोबाइल आणि टॅब्लेट बहुतांशी याच पायावर उभे आहेत, कारण कंपन्यांना हा पाया फुकट मिळतो. परंतु त्यावर यंत्र उभारताना अनेक कंपन्या आत एक कुलूप बसवितात. यंत्र सुरू होताना कंपनीची सांकेतिक सही असलेलीच प्रणाली चालते; तुम्ही सुधारलेली प्रणाली घातली तर यंत्र ती नाकारते. म्हणजे संहिता वाचण्यास तुम्ही मोकळे, पण ती स्वतःच्या यंत्रावर चालविण्यास मात्र बांधलेले. अमेरिकेतील टिवो या दूरचित्रवाणी मुद्रकाने ही युक्ती इतकी प्रसिद्ध केली, की २००७ साली मुक्त आज्ञावलीच्या परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा तीत या युक्तीला प्रतिबंध करणारे कलम घालावे लागले. लिनक्सचा गाभा मात्र जुन्याच परवान्यावर राहिला, आणि पळवाटही राहिली. सामूहिक श्रमांचे फळ घ्यावयाचे आणि त्याभोवती खाजगी कुंपण घालावयाचे, याला श्रमांचे अपहरण याखेरीज दुसरे नाव आम्हांस सुचत नाही.

आपल्या घरचे उदाहरण पाहा. जुलै २०१७ मध्ये मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोनची घोषणा झाली. किंमत शून्य, केवळ दीड हजार रुपयांची अनामत, तीही तीन वर्षांनी परत. या फोनमुळे लाखो कुटुंबांत प्रथमच इंटरनेट पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यातील कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या मुक्त प्रकल्पातून निघालेली आणि लिनक्सवर बेतलेली असूनही फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नसे आणि त्यावर दुसरी प्रणाली बसविण्याची मुभा ग्राहकाला नव्हती. २०२४ साली व्हॉट्सॲपने कायओएसवरील आपली सेवा गुंडाळण्यास आरंभ केला. फोन धडधाकट होता, बॅटरीही चालत होती. त्याची उपयुक्तता घटली ती दूर कोठे तरी घेतलेल्या निर्णयाने. शेतमजुराच्या खिशातील यंत्राचे आयुष्य त्याला न विचारता ठरविले गेले.

यंत्र द्यावयाचे आणि किल्ली आपल्याकडे ठेवावयाची, ही रीत जुनीच आहे. आयबीएम ही बलाढ्य कंपनी पाश्चात्त्य देशांत कालबाह्य ठरलेले संगणक डागडुजी करून भारतात भाड्याने देत असे. १९७७ साली जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याचा कायदा पाळण्याचा आग्रह धरला गेला, आणि १९७८ साली आयबीएमने गाशा गुंडाळला. आता देशातील संगणक बंद पडणार, अशी हाकाटी झाली. पण सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने त्या यंत्रांच्या देखभालीचे काम अंगावर घेतले आणि भारतीय अभियंत्यांनी ते निभावले. संधी मिळाली तर येथला माणूस यंत्र सांभाळू शकतो, हा त्या घटनेचा धडा होता. आज तो विसरला गेला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, कुलूप नसेल तर यंत्र इतके स्वस्त देणे परवडणारच नाही. या आक्षेपात तथ्य आहे. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत नेटप्लायन्स कंपनीने आय-ओपनर नावाचे घरगुती इंटरनेट-यंत्र अवघ्या ९९ डॉलरना, म्हणजे उत्पादनखर्चाहूनही कमी दराने, विकावयास काढले. तोटा मासिक वर्गणीतून भरून काढावयाचा, असा बेत होता. २००० च्या मार्चमध्ये हौशी मंडळींनी त्याला हार्ड डिस्क जोडून त्यावर लिनक्स चालविले. वर्गणीवाचून ते साधे संगणक होऊन बसले. कंपनीने तातडीने विक्रीच्या अटी बदलल्या, यंत्राची अंतर्गत रचनाही बदलली. परंतु तो व्यवसाय काही टिकला नाही. येथे ग्राहकाला दोष देण्याआधी एवढे पाहावे, की ९९ डॉलर ही त्या यंत्राची किंमत कधी नव्हतीच. किंमत वर्गणीत दडविली होती. खाजगी कंपनीला हप्त्याने पैसे घ्यावयाचे असतील तर तिने ते उघड सांगून घ्यावेत, आणि हप्ते फिटले की किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी. कर्ज फिटल्यावरही सावकार गहाणखत परत करीत नसेल, तर त्याला आपण काय म्हणतो?

सरकारी खरेदीत तर ही सबबही उरत नाही. तेथे पूर्ण किंमत जनतेच्या तिजोरीतून चुकती होते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ‘आकाश’ टॅब्लेट वाजतगाजत आणला; पहिल्या आवृत्तीचा संथपणा आणि स्पर्शपडद्याच्या तक्रारी यांनीच तो गाजला. परंतु पुढच्या आवृत्तीवर मुंबईच्या आयआयटीतील मंडळींनी जीएनयू-लिनक्स चालवून दाखविले. ज्याला केवळ चित्रफिती पाहण्याची पाटी म्हणून हिणविले जात होते, त्या यंत्राचा खराखुरा संगणक होऊ शकतो हे सिद्ध झाले. त्याआधी २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत सुमारे वीस मुलांना ‘एक्सओ’ हे लहान संगणक मिळाले होते. त्यांची प्रणाली लिनक्सची होती आणि कळफलकावर चालू आज्ञावलीची मूळ संहिता उघडून दाखविण्यासाठी एक स्वतंत्र कळच होती. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारताना, आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असे म्हटले होते. ते म्हणणे रास्तच होते. शिक्षकाची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. परंतु यंत्र द्यावयाचेच असेल, तर ती कळ असलेले का देऊ नये? केरळने सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलीवर नेले आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले. महाराष्ट्रात महाज्योतीसारख्या संस्थांमार्फत प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट दिले गेले आहेत. अशा यंत्रांचे चार वर्षांनी काय होणार, याचा विचार वाटपाच्या दिवशीच झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप मोठा शहाजोग आहे. गरिबाला संहितेशी काय करावयाचे आहे? त्याला यंत्र चालल्याशी कारण! विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकीला रहाट दुरुस्त करता येत नाही, हे खरे. पण गावच्या सुताराला त्या रहाटाला हात लावता आला पाहिजे की नाही? तपकीर गल्लीत पडदा बदलून देणारा, बॅटरी बदलून देणारा कारागीर आहे. कंपनीने सुरक्षेची सुधारणा थांबविलेल्या टॅब्लेटवर हलकी मुक्त प्रणाली बसवून देणे हेही उद्या त्याचे काम होऊ शकते. कुलूप असेल तर त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते, आणि चांगले यंत्र भंगारात जाते. सुरक्षिततेची ढाल पुढे करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की, कंपनीने वाऱ्यावर सोडलेली प्रणालीच सर्वांत असुरक्षित असते.

केवळ ‘मुक्त’ या शब्दावर विसंबणेही धोक्याचे आहे. अँड्रॉइडचा गाभा मुक्त असूनही उत्पादकांनी त्याची स्वतंत्र रूपे वापरू नयेत असे करार गुगलने लादले होते; भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रकरणात तिला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. संहिता खुली असूनही बाजार बंद ठेवता येतो, हे यावरून दिसते.

म्हणून राज्य सरकार, महापालिका व जिल्हा परिषदा यांच्याकडे आमच्या मागण्या तीन आहेत. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राचे कुलूप उघडण्याची रीत पुरवठादाराने विनामूल्य व लेखी द्यावी. परवान्यानुसार देणे बंधनकारक असलेली संहिता यंत्राबरोबरच द्यावी. आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, ते वेष्टनावर मराठीत छापावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेत एक कलम घातले की पुरे. पुढची निविदा निघण्यापूर्वी शाळा समित्यांनी, ग्रंथालयांनी आणि पालकांनी हे कलम मागावे. ते नाकारले गेले, तर कोणाच्या हितासाठी नाकारले, याचा जाब चौकाचौकात विचारावा.