शांत ईल, पण कुणासाठी शांत?



आपल्या घरांत फिशटँक आता नवा राहिलेला नाही. कुणी वास्तूसाठी ठेवतं, कुणी मुलांच्या हट्टासाठी. आधी गोड्या पाण्यातले गोल्डफिश येतात. मग मुलगा मोठा होतो, खाऱ्या पाण्याचा टँक करतो, नारिंगी क्लाउनफिश आणतो आणि एक दिवस विचारतो, "आई, मोरे ईल आणू का? दुकानदार म्हणतो ती शांत असते, बाकीच्या माशांबरोबर राहते."

माझं मत आधीच सांगून टाकते: आणू नये. पण नुसतं "पाप लागतं" म्हणून विषय संपवू नका. आजची मुलं कारण विचारतात, आणि आपल्याकडे कारण आहे. ते नीट सांगता यावं म्हणून आधी ही ईल काय चीज आहे ते बघू.

मोरे ईल हा सापासारखा दिसणारा, पण मासाच. दिवसा दगडांच्या कपारीत बसते, रात्री बाहेर पडते. नजर कमजोर, वासाचं ज्ञान तीव्र. तोंड सारखं उघडझाप करते ते चावायला नाही, श्वास घ्यायला. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य पकडलं की ही मागची जोडी पुढे येते आणि त्याला आत ओढून नेते. ही यंत्रणा शास्त्रज्ञांनी २००७ साली उलगडून दाखवली. निसर्गाने तिला शिकारीसाठीच घडवलंय, त्यात तिचा दोष काहीच नाही.

आता "इतर माशांबरोबर राहणारी" म्हणजे कोणती? दुकानात दोन नावं हमखास सांगतात. स्नोफ्लेक ईल पांढरी, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, दोन-अडीच फुटांपर्यंत वाढणारी. झेब्रा ईल पट्ट्यापट्ट्यांची, ती पाच फुटांपर्यंतही जाते. दोघींचे दात अणकुचीदार नसतात, बोथट असतात, म्हणून त्या मासे सहसा धरत नाहीत. हिरवी मोरे किंवा जायंट मोरे मात्र आठ-दहा फुटांपर्यंत वाढणाऱ्या, मासे खाणाऱ्या. त्या घरच्या टँकसाठी नव्हेतच. स्नोफ्लेकलाही निदान २०० लिटरचा टँक लागतो, झेब्राला त्याच्या दुपटीहून मोठा, आणि वर घट्ट झाकण, कारण बोटभर फट मिळाली तरी ती बाहेर निसटते. सोबतीला टँग, ट्रिगर, मोठे एंजलफिश असे अंगापिंडाने थोराड मासे चालतात. बारके मासे ठेवले तर रात्रीत एखादा कमी होऊ शकतो.

इथवर दुकानदार खरंच बोलतो. पण बोथट दात कशासाठी असतात हे तो सांगत नाही. ते खेकड्या-कोळंबीचं कवच फोडायला असतात. म्हणजे ही ईल शांत आहे ती माशांसाठी. कोळंबीला विचारलं तर ती काय सांगेल? आपण चतुरिंद्रिय जीव आणि पंचेंद्रिय जीव असा विचार करणाऱ्या घरातल्या. पंचेंद्रिय मासा वाचला, म्हणून खेकडा गेला तरी चालेल, असा हिशेब आपल्याला जमणार नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: "तो तिचा स्वभाव आहे, आपण कुठे मारतो?" समुद्रात ती काय खाते तो तिच्या कर्माचा भाग, मान्य. पण घरात ती स्वतः शिकार करत नाही. आपण फ्रोजन कोळंबीचं पाकीट विकत आणतो, बर्फ वितळवतो, चिमट्याने तिच्या तोंडाशी धरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. कृत नाही म्हणालात तरी कारित आणि अनुमोदना या दोन्ही आल्या. आणि ते पाकीट ठेवायचं कुठे? ज्या फ्रिजमध्ये आदल्या रात्रीचं विरजण आहे, तिथेच? मुलगा म्हणेल, वेगळा छोटा फ्रीजर घेतो. घेईल. पण चौक्याचा प्रश्न फ्रीजरने सुटतो, व्रताचा सुटत नाही.

दुसरं उत्तर जरा अवघड आहे: "मग आपल्यातले लोक कुत्रा पाळतात ते कसं चालतं?" फरक साधा आहे. कुत्रा दूध-पोळी-भातावर, डॉक्टरांना विचारून, राहू शकतो. ईल नाही राहू शकत. पनीर नाही, मटार नाही, शेवाळ नाही. जगात एकही शाकाहारी मोरे ईल नाही. तिला आपल्यासारखं खायला लावणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण ते पाठ केले. काचेच्या पेटीत कोंडलं तो बंध झाला. खायला दिलं नाही तर अन्नपाननिरोध. आणि दिलं, तर दुसऱ्या जीवाचा वध आपल्या पैशाने. ईल एकदा घरात आली की कोणत्याही बाजूला वळा, दोष आहेच. निवड मोकळी असते ती फक्त विकत घेण्याआधी.

आपल्या आचार्यांना हे आधीच कळलं होतं. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलंय. श्वेतांबर परंपरेत पंधरा कर्मादानांत असतीपोषण येतं, त्यातही मांजर-कुत्रा पोसून त्यावर कमाई करण्याचा निषेध आहे. अनर्थदंड म्हणजे गरज नसताना केलेलं पाप. शेतीत, धंद्यात, स्वयंपाकात जी हिंसा घडते ती टाळता येत नाही म्हणून आपण ती कमीत कमी करतो. दिवाणखान्यातली ईल कोणत्या गरजेत बसते?

आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. गोल्डफिश तलावात पैदास केलेले असतात, क्लाउनफिशही आता टँकमध्ये जन्मतात. बाजारातल्या मोरे ईल मात्र जवळजवळ सगळ्या समुद्रातून पकडलेल्या. त्यांची पिल्लं पानासारखी चपटी, पारदर्शक, कित्येक महिने लाटांवर वाहत राहतात. ती घरात वाढवता येत नाहीत. म्हणजे आपण एक घेतली की दुकानदार दुसरी मागवणार आणि ती कुठल्यातरी कपारीतून ओढली जाणार.

त्यातली निळी, रिबिनीसारखी रिबन ईल तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. रंग बघून मन जातं, पण टँकमध्ये आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी अन्नच सोडतात आणि काही आठवड्यांत जातात. "तिने संथारा घेतला" असं कुणी हसत म्हणालं तर हसू नका. संथारा समजून-उमजून घेतात. हे भुकेने मरणं आहे.

आता ज्यांच्या घरी ईल आधीच आहे, त्यांच्यासाठी. लग्नानंतर त्या घरात गेलात, किंवा मुलाने न विचारता आणली, तर तिच्यावर राग काढू नका. पर्युषण आलं म्हणून तिचं खाणं बंद करू नका. उपवास आपला, तिचा नाही. जिवंत कोळंबी सोडून तमाशा मात्र कधीही होऊ देऊ नका. ज्याने आणली त्यानेच तिला खाऊ घालावं, हे घरात स्पष्ट ठरवा. तिच्यासोबत बारके मासे, खेकडे ठेवू नका. तिची नीट काळजी घेईल असा मोठा टँक असलेला कुणी मिळाला तर द्या. आणि जीवदया म्हणून तिला रंकाळ्यात किंवा नदीत सोडायला तर मुळीच जाऊ नका. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात तडफडून मरतो. परक्या समुद्रातली ईल आपल्या समुद्रात सोडणंही बरं नाही, रोगराई सोबत जाते. एक गेली की दुसरी आणायची नाही, एवढं वचन घ्या.

मुलाचं कुतूहल मात्र मारू नका. समुद्रातल्या जीवांची ओढ वाईट कशी असेल? भगवान अरनाथांचं लांछन दिगंबर परंपरेत मासाच आहे, तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे. त्याला मालवणला न्या. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांजवळ शांत बसलं की खेकडे, छोटे मासे, शंख आपापल्या घरी कसे राहतात ते दिसतं. काही उचलायचं नाही, खिशात घालायचं नाही, फक्त बघायचं. जिवाला धक्का न लावता त्याच्याकडे बघायला शिकवणं, हेही आईचं कामच आहे.

घरात हा विषय निघाला तर "कोणती ईल कुणाबरोबर राहते" इथून सुरुवात होऊ देऊ नका. आधी विचारा, ती जेवणार काय? उत्तर मुलालाच शोधू द्या. बहुतेक वेळा "नको" हा शब्द मग आपल्याला उच्चारावाच लागत नाही.

जय जिनेंद्र.