स्वस्त समभागाची किंमत कोण मोजतो?

महाराष्ट्रातील पांढरपेशा वस्त्यांमधून अलीकडे एक नवा अभ्यासवर्ग भरू लागला आहे. ज्या पेशांतील माणसे एके काळी लोहिया आणि मार्क्स यांच्यावर रात्री जागवीत, त्याच पेशांतील माणसे आता एखाद्या लहानशा संगणक-सल्लागार कंपनीचा ताळेबंद पुढ्यात घेऊन बसतात. निवृत्त बँक कर्मचारी, माध्यमिक शाळेतील शिक्षक, विमा कार्यालयातील अधिकारी, सोबत एखादा तरुण अभियंता. कंपनी नामांकित नसते. दोन-तीनशे माणसे कामाला, चार परदेशी गिऱ्हाइके, डोक्यावर कर्ज नाही आणि बँकेत बऱ्यापैकी रोकड. समभागाचा भाव वार्षिक कमाईच्या आठ-नऊ पट, तर याच धंद्यातील बड्या कंपन्यांचा वीस-पंचवीस पट. निष्कर्ष मग ठरलेलाच असतो: समभाग त्याच्या खऱ्या मूल्याच्या निम्म्यात मिळतो आहे, बाजाराला याचा पत्ता लागण्यापूर्वी तो पदरात पाडून घ्यावा.

अशा माणसांना सटोडिये म्हणून हिणवण्याची सवय आपल्या चळवळीत आहे. ती सोडली पाहिजे. ही माणसे जुगारी नव्हेत. उलट, ती बेंजामिन ग्रॅहॅम या अमेरिकन अर्थपंडिताच्या परंपरेत स्वतःला बसवतात. ग्रॅहॅमने १९२९ च्या कोसळणीत स्वतः हात पोळून घेतले आणि १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की, भाव आणि मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी असून भाव मूल्याच्या बराच खाली असेल तेव्हाच समभाग घ्यावा. भाव म्हणजेच मूल्य, असे मानणाऱ्या आजच्या विद्यापीठीय अर्थशास्त्रापेक्षा ही भूमिका कितीतरी अधिक प्रामाणिक आहे. प्रश्न एवढाच की, हे ‘खरे मूल्य’ येते कोठून? नेमक्या याच प्रश्नापाशी अभ्यासवर्गाची चर्चा थांबते.

ग्रॅहॅमच्या काळातील कंपनीपाशी गिरण्या होत्या, रेल्वेचे रूळ होते, कोठारांत माल होता. कंपनी बुडाली तरी त्या सामानाचे काही ना काही येणारच होते. संगणक-सल्लागार कंपनीपाशी काय असते? भाड्याची जागा, तीन वर्षांत जुने होणारे संगणक, गिऱ्हाइकांकडून येणे असलेली बिले आणि बँकेतील रोकड. बाकी सारे संध्याकाळी उद्वाहनातून उतरून घरी जाते. ही कंपनी तासांवर माणसांची बुद्धी विकते. गिऱ्हाइकाकडून तासाला मिळणारी रक्कम आणि अभियंत्याच्या हाती पडणारी रक्कम यांच्यातील अंतरातून कचेरीचा खर्च वजा केला की उरतो तो नफा. वरकड मूल्याची संकल्पना समजावून देण्यासाठी मार्क्सला मँचेस्टरच्या गिरण्यांचे दाखले शोधावे लागले. येथे ती गिऱ्हाइकाच्या बिलावरच छापलेली असते.

तेव्हा असा समभाग महाग होणार तो दोनच वाटांनी. एक तर त्या अंतरातून येणारा नफा वाढावा. किंवा नफा तेवढाच राहून दुसरा कोणी त्याच नफ्यासाठी अधिक किंमत मोजावयास तयार व्हावा.

दुसरी वाट केन्सने १९३६ मध्येच उघड केली होती. वृत्तपत्रातील छायाचित्रांतून सुंदर चेहरा निवडण्याच्या स्पर्धेत, स्वतःला कोणता चेहरा आवडतो याला महत्त्व नसते. इतर स्पर्धकांना कोणता आवडेल याचा अंदाज बांधायचा असतो. ‘बाजाराला पत्ता लागेल’ या वाक्याचा सरळ अर्थ ‘आपल्यामागून येणारा अधिक पैसे देईल’ एवढाच आहे. सर्वांत मागून येणाऱ्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

पहिली वाट अधिक महत्त्वाची, कारण तिच्यावर कोणी सद्‌गृहस्थ आक्षेप घेत नाही. नवी कामे मिळाली आणि धंदा वाढला, तर नफा वाढेल हे खरे. परंतु लहान कंपनीला गिऱ्हाइकाकडे तासाचा दर वाढवून मागता येत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसरी कंपनी गाठते. मग उरते ते आतले अंतर वाढवणे. अनुभवी माणसे काढून नवशिकी भरावीत, ‘बेंच’वर म्हणजे कामाविना बसलेल्यांची संख्या घटवावी, आठ तासांच्या बिलात दहा तासांचे काम बसवावे. गुंतवणूकदारांच्या भाषेत याला ‘मार्जिन सुधारणे’ असे निरागस नाव आहे. या उद्योगात नवशिक्या अभियंत्याचे प्रारंभीचे वेतन दशकाहून अधिक काळ वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले. या काळात पुण्यातील खोलीचे भाडे मात्र रेंगाळले नाही. या धंद्यातील सर्वांत मोठ्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. जेथे बड्यांची ही तऱ्हा, तेथे दोन-तीनशे माणसांच्या कंपनीतून कोणाला काढले हे वर्तमानपत्रातही येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली. अभ्यासवर्गाची आवडती कंपनी बहुधा या रेषेच्या खालीच असते.

आणखी एक गंमत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ अन्वये प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला संचालकांचे वेतन मध्यम कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे, ते वार्षिक अहवालात छापावे लागते. मध्यम वेतनात किती वाढ झाली आणि कायम कर्मचारी किती, हेही द्यावे लागते. रोकड, येणी, लाभांश यांची पाने झिजेपर्यंत वाचणाऱ्या या मंडळींना हे पान सहसा आठवत नाही. वास्तविक, ज्या कंपनीची सारी मालमत्ता म्हणजे माणसे, तिचे मूल्यमापन करताना पहिल्यांदा उघडावे असे ते पान आहे. कंत्राटी किती आणि वर्षभरात सोडून गेले किती, यांचा सविस्तर तपशील देण्याची सक्ती सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांवरच केली. लहान कंपनीबाबत म्हणून काळोखच.

माणसे वगळून उरलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवावा, तर तेथेही सत्यमचे उदाहरण आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राने कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. नामांकित लेखापरीक्षकांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. ही झाली बडी कंपनी. लहानांपैकी ट्रॅफिकसोल या तंत्रज्ञान कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ४५ कोटींचे समभाग विक्रीस काढले, तेव्हा त्यांवर शेकडो पटींनी अर्ज पडले. तक्रार झाल्यावर चौकशीत दिसले की, ज्या विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेण्यासाठी पैसे हवे होते, तो कागदोपत्रीच विक्रेता होता. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करावयास लावले. येथे तक्रार वेळेवर झाली, एवढेच.

या साऱ्या चर्चेत एक उदाहरण मात्र कधीच निघत नाही. मूल्यापेक्षा स्वस्तात गेलेल्या तंत्रज्ञान कंपनीचे ते या देशातील सर्वांत बोलके उदाहरण आहे आणि समाजवाद्यांना तर ते विसरण्याचा अधिकारच नाही.

जनता सरकारात उद्योगमंत्री असताना जॉर्ज फर्नांडिस यांनी आयबीएमला परकीय चलन कायद्यानुसार आपला वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. कंपनीने नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. आता सरकारी कचेऱ्यांतील संगणक बंद पडणार, अशी भाकिते त्या वेळी झाली. ते बंद पडले नाहीत. कारण १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने ती यंत्रे सांभाळली. हीच पुढे सीएमसी झाली. ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण तिने केले. तिकिटासाठी रात्रभर रांगेत उभे राहिलेल्या पिढीला त्याचे मोल सांगावयास नको. आणि १९९५ मध्ये मुंबई भागबाजारातील आरडाओरड थांबवून पडद्यावरची खरेदी-विक्री सुरू झाली, तीही सीएमसीनेच उभारलेल्या यंत्रणेवर. आज घरबसल्या समभाग स्वस्त की महाग हे पाहणाऱ्यांच्या सोयीचा पाया सरकारी नोकरांनी घातला आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये वाजपेयी सरकारने या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला १५२ कोटी रुपयांना विकला. २००४ च्या प्रारंभी उरलेला सुमारे २६ टक्के हिस्सा बाजारात विकला, त्याचे सुमारे १९० कोटी आले. त्रैराशिक शाळेतला मुलगाही मांडील. पहिल्या विक्रीत एका टक्क्याला तीन कोटींहून किंचित कमी. दुसऱ्या विक्रीत सात कोटींहून अधिक. वास्तविक पहिल्या हिश्श्यासोबत कंपनीचा ताबा दिला जात होता. ताब्यासाठी बाजारभावाहून अधिक रक्कम मोजावी लागते, हा भांडवलशाहीचा स्वतःचाच नियम आहे.

यावर ठराविक उत्तर असे की, खाजगी व्यवस्थापन आले म्हणून भाव चढला. काही अंशी तसे असेलही. परंतु त्याच काळात मुंबई बाजाराचा निर्देशांकही सुमारे दुप्पट झाला होता, आणि तो काही टाटांच्या व्यवस्थापनाने नव्हे. २००० सालचा संगणक समभागांचा फुगा फुटला होता, केतन पारेख प्रकरणाने बाजार हादरला होता, न्यूयॉर्कवरील हल्ल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते. अशा महिन्यात कोणता शहाणा शेतकरी बैल बाजारात नेईल? विकत घेणाराही याच धंद्यातला. त्याने यंत्रे घेतली नाहीत. पाव शतकभर सार्वजनिक पैशाने घडवलेले अभियंते घेतले. पुढे २०१५ मध्ये सीएमसी टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली आणि नावही उरले नाही.

या विक्रीच्या वेळी राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रक जॉर्ज फर्नांडिसच होते. तेल कंपन्यांच्या विक्रीला त्यांनी २००२ मध्ये विरोध केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ज्या कंपनीमुळे त्यांचा १९७८ चा निर्णय पेलला गेला, तिच्यासाठी मात्र कोणीच उभे राहिले नाही. स्वस्त म्हणजे कोणाला तरी कमी देऊन, हा धडा येथे स्वच्छ दिसतो. या वेळी तो ‘कोणी तरी’ म्हणजे सारी जनता होती.

मग शिक्षक आणि कारकून या बाजारात का शिरतात? त्यांना हावरट ठरवणे सोपे आहे. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन काढून घेतले आणि म्हातारपण बाजाराशी जोडले. ते परत मिळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या निवृत्तिवेतनाची २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम दरमहा १,००० रुपये. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही वाटाही ऑगस्ट २०१५ पासून भागबाजाराकडे वळू लागला. देशातील डिमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींवर आणि २०२४ अखेर १८ कोटींवर गेली, ती या पार्श्वभूमीवर. राज्याने हात काढून घेतला की माणूस स्वस्त समभाग शोधू लागतो. आणि त्याच्या मुलीच्या कंपनीतील ‘मार्जिन’ सुधारले म्हणून आनंद मानू लागतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३-अ मध्ये उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे निदेशक तत्त्व १९७६ पासून लिहिलेले आहे. त्याच वर्षी जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळांत निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा केला. आपल्याकडे तत्त्व राहिले, कायदा झाला नाही. ज्या उद्योगाची मालमत्ताच कर्मचारी आहेत, तेथे संचालक मंडळात त्यांची जागा असणे ही मागणी तर सर्वांत आधी यावयास हवी. त्यासोबत कंत्राटी आणि सोडून गेलेल्या माणसांचा तपशील प्रत्येक सूचिबद्ध कंपनीने, लहानमोठी न पाहता, प्रसिद्ध करण्याची.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. एक समभाग असलेल्यालाही वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा बहुधा ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि अहवाल एकवीस दिवस आधी हाती येतो. पुणे, मुंबई, नागपूर येथील शाखांनी आपापल्या शहरातील पाच-पाच लहान कंपन्या निवडाव्यात, एकेक समभाग घ्यावा, आणि वेतनाचे ते पान उघडून अध्यक्षांना विचारावे की, गेल्या वर्षी नफा जेवढ्या टक्क्यांनी वाढला तेवढ्या टक्क्यांनी मध्यम कर्मचाऱ्याचे वेतन का वाढले नाही. अभ्यासवर्गातील शिक्षकांनाही सोबत न्यावे. ताळेबंद त्यांना अधिक चांगला वाचता येतो.