बकऱ्याचा चारा आणि आपला घास

बकरी ईदला आठ-दहा दिवस उरले की सोलापूरच्या मोहल्ल्यांत दारोदार बकरे बांधलेले दिसतात. मुले त्याला हौसेने नाव देतात, माळ घालतात आणि मग खाऊ घालायला लागतात. चपातीचे तुकडे, रात्रीचा उरलेला पुलाव, बिस्किटे, परातभर गहू. बकराही मिटक्या मारत खातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो खाणे सोडतो, रवंथ बंद होते, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि घरात रडारड सुरू होते. दर वर्षी अशी एखादी गोष्ट कानावर येतेच.

हा लाडाने केलेला घात असतो. उस्मानाबादी शेळीच्या मूळ टापूत आपला सोलापूर जिल्हाही येतो. ही जात वाढते ती बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, ज्वारीचा कडबा आणि तुरीचे भुसकट यांवर. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अशाच चाऱ्याला सरावलेले जिवाणू असतात. तिथे एकदम पीठ किंवा भात पडला की ते फार वेगाने आंबते, आम्ल साचते, ते रक्तात उतरते आणि जनावर दिवस-दीड दिवसात दगावू शकते. जगले तरी कुर्बानीचा प्रश्न उरतोच, कारण उघडपणे आजारी असलेले जनावर कुर्बानीला चालत नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न दातांचा विचारलात तर दुसरा विचारा, ‘हा आजवर काय खात होता?’ तेच चालू ठेवा. धान्य द्यायचेच असेल तर मूठभरापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. पोट फुगलेले दिसले तर घरगुती काढे पाजत बसू नका, जनावरांच्या दवाखान्यात न्या.

चाऱ्याची ही चौकशी आपल्या दीनमध्ये नवी नाही. कुरआनात सूरह बकराच्या १६८व्या आयतीत हलालबरोबर तय्यिब हा शब्द येतो, म्हणजे शुद्ध, चांगले. आपण सुरी आणि बिस्मिल्लाहपाशी थांबतो, तय्यिबकडे फारसे पाहत नाही. घाण खाऊन वाढलेल्या जनावराला ‘जल्लाला’ म्हणतात. त्याचे मांस आणि दूध या दोन्हींपासून प्रेषितांनी (सल्ल.) मनाई केल्याची हदीस हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आली असून ती अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. त्यावर उपायही आहे. जनावर बांधून ठेवावे आणि स्वच्छ चारा घालावा. हनफी ग्रंथांत कोंबडीला ३ दिवस, बकऱ्याला ४ आणि मोठ्या जनावराला १० दिवस अशी मुदत दिली आहे. इकडेतिकडे चोच मारून दाणेही टिपणारी कोंबडी यात येत नाही. घाणीचा वास अंगात मुरेपर्यंत तेच खाल्ले असेल, तर प्रश्न येतो. कचराकुंडीपाशी मोकाट फिरणाऱ्या शहरी शेळ्या पाहिल्या की ही मुदत आठवते. मात्र पोटात गेलेली प्लॅस्टिकची पिशवी ४ दिवसांत काय, ४ महिन्यांतही विरघळत नाही.

आता चरबीबद्दल. रानात चरलेल्या बकऱ्याच्या मांसात एकूण चरबी कमी असते आणि ओमेगा-३ नावाची हितकारक चरबी धान्यावर पोसलेल्यापेक्षा जास्त असते. हे खरे आहे, पण त्यावर भुलून ताट भरून घेऊ नये. बकऱ्याच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातली बरीच पातळ चरबी घट्ट करून टाकतात, त्यामुळे हा फायदा शेवटी थोडाच राहतो. आपल्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी असतेच. तिच्या एका चमच्यात त्याच्या कितीतरी पट ओमेगा-३ मिळते आणि भावही बकऱ्याचा नसतो!

कोंबडीचे उलटे आहे. तिच्या पोटात ते जिवाणूंचे कारखाने नाहीत, म्हणून खाद्यातली चरबी जवळजवळ जशीच्या तशी मांसात उतरते. मका-सोयाबीनवर वाढलेल्या ब्रॉयलरची चरबी त्याच वळणाची असते. ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शने देतात, ही मात्र अफवा आहे. निवडलेली जात आणि भरपूर खाद्य यांमुळेच तो ६ आठवड्यांत २ किलोंचा होतो. काळजी करायची ती प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार असलेले औषध आपल्या सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंद केले, ते याच कारणाने. घरच्या बकऱ्याला सुई दिली असेल, तर त्या औषधानंतर किती दिवस मांस खायचे नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठेवावे.

एक गोष्ट आपल्या शेंगदाण्याच्या मुलखाची. स्वस्तात मिळते म्हणून ओल लागलेली, बुरशी आलेली पेंड जनावराला घालू नका. त्या बुरशीचे विष आधी यकृतावर बसते, दुभत्या शेळीच्या दुधातही उतरते आणि शिजवून जात नाही. ईदच्या दिवशी चुलीवर सर्वांत आधी चढते ती कलेजीच.

शेवटची रात्र राहिली. कुर्बानीच्या आधी साधारण १२ तास चारा बंद ठेवावा. पोट रिकामे असले की आतडी फाटून मांस खराब होण्याची भीती कमी होते आणि वजडी धुणाऱ्यांचे निम्मे काम वाचते. पाणी मात्र सकाळपर्यंत पुढ्यात राहू द्या, आणि ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून लपूनछपून पोळी देणाऱ्या धाकट्यावर जरा लक्ष ठेवा.