लॅपटॉपची डिस्क बदलण्यापूर्वी



कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी कंपनीने वापरून विकलेला जुना लॅपटॉप घेण्याची पद्धत आता कष्टकरी घरांत रूढ झाली आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु असा लॅपटॉप सुरू व्हायलाच फार वेळ घेतो आणि मग कोणीतरी सांगतो, ‘एसएसडी टाकून घ्या.’ सल्ला चांगला आहे. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून काम झटपट होते. मात्र कोणतीही डिस्क कोणत्याही लॅपटॉपला चालते हा समज चुकीचा आहे. पाकीट फोडल्यावर दुकानदार माल परत घेईलच असे नाही. घामाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, जोड. फिरत्या डिस्कच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. त्याच मापाची साटा एसएसडी तेथे बसते. जुन्या साटा-२ जोडालाही नवी साटा-३ डिस्क चालते. फक्त वेग सेकंदाला ६ ऐवजी ३ गिगाबिटपुरता मर्यादित राहतो. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क मात्र लॅपटॉपमध्ये बसत नाही.

दुसरी गोष्ट, जाडी. अडीच इंची डिस्क ७ मिलिमीटर जाडीची असते, तशी ९.५ मिलिमीटरचीही असते. मोठ्या क्षमतेच्या काही तर १५ मिलिमीटरच्या असतात. जुन्या बाजारात मिळणारा लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० घ्या. हा २०११ सालचा लॅपटॉप फक्त ७ मिलिमीटरची डिस्क घेतो. जागा जास्त आणि डिस्क पातळ असेल तर प्लॅस्टिकची चौकट लावून भागते. उलट असेल तर इलाज नाही.

तिसरी गोष्ट, एम.२ नावाची पट्टी. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी डिस्क असते. तिच्यावरील २२८० या आकड्याचा अर्थ रुंदी २२ व लांबी ८० मिलिमीटर. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्याही असतात. खरी फसगत येथे होते, कारण दिसायला सारख्या पट्ट्या दोन जातींच्या असतात: साटा आणि एनव्हीएमई. केवळ साटा चालणाऱ्या खाचेत एनव्हीएमई पट्टी ओळखलीच जात नाही. नुसत्या डोळ्यांनी भरवसा धरू नये. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचावे.

चौथी गोष्ट, काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते. ती बदलता येत नाही. दुसरी खाच नसेल तर तेथे खर्चाचा विचार सोडून द्यावा.

हे तपासायचे कसे? लॅपटॉपच्या खालच्या बाजूस मॉडेलचे पूर्ण नाव असते. ते लिहून घ्यावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहावी. जुनी डिस्क काढता आली तर तिच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्यावा. ‘चालली नाही तर परत घ्याल का?’ हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. विचारण्यात लाज कसली!

आणखी एक हिशेब करावा. विंडोज १० ची मोफत सर्वसाधारण देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नवी डिस्क बसवल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अटीत बसत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकता येते. ते विनामूल्य आहे आणि अभ्यासाला पुरते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिस्क काढण्यापूर्वी गुणपत्रिका, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरचे फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून व बॅटरी सुटी करूनच स्क्रू खोलावेत. जुनी डिस्क तशीच भंगारात देऊ नये, तिच्यात आपले कागद असतात. यूएसबीच्या डबीत बसवली तर तीच घरची जादा तिजोरी होते.

हे काम मुलींनाही करू द्यावे. स्क्रूड्रायव्हर धरायला मुलगाच लागतो असे थोडेच आहे? जी हे एकदा शिकेल, ती उद्या वस्तीतल्या दहा घरांचे पैसे वाचवील.