अँटेना ट्यून झाली म्हणजे काय झालं?

मागच्या महिन्यात दोन दिवस रत्नागिरीला घरी गेलो होतो. आईला वाटलं लेक विश्रांतीला आलाय. लेक मात्र शनिवारी सकाळपासून परसात ॲल्युमिनियमचे पाइप जोडत बसला होता. शेजारचे काका गडग्यावरून डोकावले, "काय रे, वीज पाडायला उभं केलंस काय हे?"

म्हटलं, "नाही हो काका, हॅम रेडिओची अँटेना आहे."

"मग लागतं काय त्यावर?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला रविवारी संध्याकाळी मिळालं. तीच आजची पोस्ट.

माझी अँटेना मल्टिबँड व्हर्टिकल आहे. म्हणजे एकच उभी दांडी ७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झ अशा तीन बँडवर चालते. दांडीत मध्ये मध्ये ट्रॅप असतात. ट्रॅप म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला तो दाराला कडी लावतो आणि वरचा भाग तोडून टाकतो. त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीला दार उघडं, पुढचा तुकडाही कामाला लागतो. म्हणून ट्यूनिंग नेहमी २१ पासून सुरू करायचं, मग १४, शेवटी ७. उलटं केलंत तर आधी जमवलेलं सगळं पुन्हा हलतं आणि दिवस फुकट जातो. (माझा शनिवार असाच गेला.)

रविवारी दुपारी ७ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर आला १.१! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेटमधून निघालेली पॉवर अँटेना किती स्वीकारते आणि किती परत पाठवते, हे या आकड्यावरून कळतं. १ म्हणजे काहीच परत येत नाही. मी लगेच फोटो काढून मित्रांना पाठवला. मग सेट लावला आणि तासभर हाका मारल्या. ऐकतंय कोण?

विचार करता करता ट्यूब पेटली. पाव तरंगलांबीची उभी अँटेना उत्तम जमिनीवर साधारण ३६ ओहम दाखवते. केबल असते ५० ची, त्यामुळे एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास यायला हवा. माझ्या ट्रॅपवाल्या आखूड दांडीचं रेझिस्टन्स तर ३६ हूनही कमी. मग १.१ कसा आला? उरलेले ओहम जमिनीने भरले! आमच्याकडे जांभा, वर मातीचा पातळ थर. जांभा विजेसाठी भिकार वाहक, आणि मी रेडियल तारा टाकल्या होत्या फक्त चार. ३६ ओहममध्ये जमिनीचे १४ मिळवा, ५० होतात. आकडा सुंदर, पण ५० वॅटमधले १४ वॅट कातळ तापवण्यात जातात. माझ्या अँटेनाचे त्याहून जास्त जात असणार.

मग काय, जुन्या वायरिंगच्या तारा शोधल्या आणि परसात चौफेर पसरून २४ रेडियल केले. एसडब्ल्यूआर १.१ वरून १.६ वर गेला. आणि संध्याकाळी पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

आता मुद्द्याचं बोलू. आपण सगळे आकड्यांवर जगणारे लोक. डॅशबोर्ड हिरवा, सगळे टेस्ट पास, तिकीट बंद... पण युजरचं काम झालं का? आकडा मोजायला सोपा असतो म्हणून आपण त्यालाच काम समजतो. सेटच्या मागे ५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावा, एसडब्ल्यूआर प्रत्येक बँडवर १ येईल. आवाज मात्र फाटकापर्यंतही जाणार नाही.

कोकणात ही चूक महाग पडू शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज गेली, मोबाइलही बंद पडले. हॅम रेडिओ अशा वेळेसाठी असतो, असं आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. पण उभी अँटेना लाटा क्षितिजाकडे फेकते, सरळ वर जवळजवळ काहीच नाही. माझा आवाज समुद्रावरून आफ्रिकेला जाईल, पण सह्याद्रीपलीकडच्या पुण्याला जाईलच असं नाही. त्यासाठी लाटा वर जाऊन आयनोस्फिअरवरून जवळच उतरायला हव्यात, आणि त्याला लागतो दोन माडांच्या मध्ये, चार-पाच मीटरवर बांधलेला साधा तारेचा डायपोल. हे एसडब्ल्यूआर मीटर तुम्हाला कधीच सांगणार नाही.

असो. पुढच्या खेपेला तो डायपोल बांधणार आहे. काका पुन्हा विचारतील, "लागतं काय त्यावर?" म्हणेन, "पुणं लागतं, काका." तोवर आकड्याचा फोटो कुणालाही पाठवणार नाही!